फोन स्वतःच्या हाताने बंद करणारं मूल: संयम आणि दुसऱ्याची जाण घरात कशी रुजवायची

पालकांच्या बोलण्यात हल्ली दोन तक्रारी जोडीने येतात. एक, 'फोन हातातून घेतला की घर डोक्यावर घेतो.' दुसरी, 'कुणाची पर्वाच नाही, आजी शेजारी येऊन बसली तरी मान वर करत नाही.' पहिली संयमाची आणि दुसरी संस्कारांची, असं धरून आपण दोन्हींवर वेगवेगळे इलाज करतो. पहिलीवर पासवर्ड, दुसरीवर उपदेश. मला या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: चालू असलेली आवडती गोष्ट मुलाला स्वतःहून थांबवता येणं. ज्याला कार्टून थांबवता येतं, त्याला आजीकडे वळून बघता येतं. ज्याला ओठांवर आलेला टोमणा गिळता येतो, त्याला मित्राचं मन सांभाळता येतं.

बंदीने हे येत नाही, कारण बंदीत थांबवणारा हात आपला असतो. मूल मित्राच्या घरी गेलं, मामाकडे सुट्टीला गेलं, की तो हात तिथे नसतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांची दिशा एकच आहे, थांबवण्याचं काम थोडं थोडं करून मुलाकडे सोपवायचं. या पायऱ्या साधारण दोन ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. क्रम मात्र बदलू नका. पहिल्या तीन पायऱ्या मोठ्यांच्या आहेत आणि त्या वगळल्या तर पुढचं काही टिकत नाही.

पायरी १: फोन कशासाठी दिला जातो ते लिहून काढा

पहिला आठवडा काहीही बदलू नका. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि मुलाच्या हातात फोन गेला की वेळ आणि कारण लिहा. किती मिनिटं गेली यापेक्षा कारण महत्त्वाचं. 'कुकर लावायचा होता.' 'घास भरवताना.' 'दवाखान्यात नंबर येईपर्यंत.' 'ऑफिसचा कॉल आला.' 'पडला, रडत होता.' आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्यांनी लिहायचं. कुणाचा दोष काढण्यासाठी हे चाललेलं नाही, एवढं आधीच बोलून घ्या, नाहीतर कागदावर खरं उतरणार नाही.

आठवडा संपला की कारणांचे तीन गट पडतात: आपल्या सोयीसाठी दिलेला फोन, जेवणासाठी दिलेला फोन आणि रडणं थांबवायला दिलेला फोन. सोयीच्या फोनबद्दल स्वतःला कोसू नका. घरात एकटीच असलेल्या आईला स्वयंपाक उरकेपर्यंत वीस मिनिटं लागतातच. जेवणाचा फोन सोडवायला हवा, कारण पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरलं की नाही हेच कळत नाही. पण सगळ्यात आधी हात घालायचा तो तिसऱ्या गटाला.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत मूल बिथरलं की शांत करायला वारंवार फोन दिला जात होता, तिथल्या मुलांमध्ये पुढच्या महिन्यांत भावनांचे चढउतार वाढलेले दिसले. मुलग्यांमध्ये आणि मुळातच चळवळ्या असलेल्या मुलांमध्ये हे जास्त ठळक होतं. समजायला अवघड नाही. राग आला, मग तो हळूहळू ओसरला, हा अनुभव मुलाला पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. फोन मध्ये आला की राग ओसरत नाही, नुसता झाकला जातो.

मग रडणाऱ्या मुलाचं करायचं काय? खाली बसा, त्याच्या उंचीवर या. झालं ते साध्या शब्दांत सांगा: 'ठोकळे पडले. तुला राग आलाय.' मांडीवर यायचं असेल तर घ्या, नको असेल तर जवळ बसून राहा. पाणी द्या, गॅलरीत न्या. समजावणं, कारणमीमांसा, 'एवढ्यासाठी कुणी रडतं का' हे सगळं नंतर, किंवा कधीच नाही. सुरुवातीला वेळ लागतो आणि सासरची चार माणसं बसलेली असतील तर तो वेळ फार मोठा वाटतो. तरी थांबा. एसटीच्या प्रवासासाठी, लग्नाच्या हॉलसाठी एक पिशवी कायम भरलेली ठेवा: कोरी वही, खडू, पत्त्यांचा कॅट, चुरमुऱ्यांची डबी.

आता आकडे, कारण ते विचारले जातातच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, सांगते की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षं, दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पाच ते दहा वर्षं, दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एका तासाचीच मर्यादा सांगितली आणि कमी असेल तितकं बरं, असं जोडलं. हे आकडे कुंपणासारखे वापरा. रोज मिनिटं मोजत बसलात तर मूलही मिनिटंच मोजायला शिकेल.

पायरी २: दिलेला शब्द पाळा

संयमाचा विषय निघाला की मार्शमॅलोचा, म्हणजे मऊ गोड खाऊचा, प्रयोग कुणीतरी सांगतंच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांपुढे खाऊ ठेवला. आत्ता खाल्लात तर एवढाच, मी परत येईपर्यंत थांबलात तर जास्त. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात सरस ठरली, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं गेलं. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्यावर तो संबंध पुष्कळ क्षीण झाला.

पालकांसाठी सगळ्यात मोलाचा भाग आहे तो रॉचेस्टर विद्यापीठातला. तिथल्या संशोधक सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाऊच्या परीक्षेआधी मुलांना एक अनुभव दिला. 'थांब, मी याहून छान रंग घेऊन येते' असं सांगून मोठं माणूस बाहेर गेलं. निम्म्या मुलांना खरंच छान रंग मिळाले. उरलेल्यांपुढे ते माणूस रिकाम्या हाताने परत आलं, रंग नाहीत म्हणालं. त्यानंतर खाऊची परीक्षा झाली. ज्यांच्याबाबतीत शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं ती तीन मिनिटं. थांबून काही मिळत नाही हे ज्याने पाहिलंय, ते मूल न थांबण्यात शहाणपणाच करतं.

आता आपलं रोजचं बोलणं आठवा. 'पाच मिनिटांत देते.' 'उद्या नक्की बागेत.' 'परीक्षा होऊ दे, मग सायकल.' यातली किती वाक्यं वेळ मारून न्यायला म्हटलेली असतात! शब्द कमी द्या आणि दिलेला पाळा. पाळता येणार नसेल तर मूल विचारायच्या आत स्वतः जाऊन सांगा आणि दुसरी वेळ ठरवा. तीन वर्षांच्या मुलालाही.

एकत्र कुटुंबात याला आणखी एक पदर असतो. आई नाही म्हणते, आजोबा हळूच फोन देतात. मुलाला लगेच कळतं की या घरात 'नाही'ला अर्थ नाही, माणूस बदलला की उत्तर बदलतं. आजोबांना मुलादेखत अडवू नका, त्यात त्यांचा अपमान होतो आणि मूल मोठ्यांशी कसं बोलायचं हे तिथेच शिकतं. मूल झोपल्यावर शांतपणे बोला. आणि नुसतं 'देऊ नका' म्हणू नका, त्यांच्याकडे काहीतरी सोपवा: 'बाबा, जेवताना फोन नको असं ठरवलंय आम्ही. तेवढा वेळ तुम्ही त्याला तुमच्या शाळेच्या गोष्टी सांगाल का? तुमचं ऐकतो तो.' बहुतेक आजोबांना याच कामाची वाट असते.

आणि आपला स्वतःचा फोन. मूल बोलत असताना आपण 'हं, हं' करत स्क्रोल करत असू, तर 'माणूस समोर आलं की फोन बाजूला ठेवतात' हे त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. महत्त्वाचा मेसेज असेल तर सांगून टाका: 'बाबाच्या औषधाचं विचारतायत, एवढं उत्तर देते आणि ऐकते.' मुलाला फोन न दिसणं शक्य नाही. तो बाजूला ठेवला जाताना दिसणं शक्य आहे.

पायरी ३: फोनची वेसण आवळा

हे एका संध्याकाळचं काम आहे. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, म्हणजे एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होणार नाही. नकोशा व्हिडिओंचीच रांग लागत असेल तर पाहिलेल्यांचा इतिहास पुसा, सुचवणं बदलतं. मुलाच्या हातात जाणाऱ्या उपकरणावरचे नोटिफिकेशन बंद ठेवा. अँड्रॉइडवर फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम वापरून रात्रीची वेळ आणि नवीन अॅप टाकण्याची परवानगी आपल्याकडे घ्या. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. लहानांना छोट्या पडद्यापेक्षा टीव्हीवर लावून दिलेलं बरं: आपल्यालाही दिसतं, भावंडांत काय बघायचं यावर बोलणी होतात आणि अंगठ्याने सरकवत राहण्याची सवय लागत नाही.

ते न संपणारं सरकवणं मुद्दाम तसं बनवलेलं आहे. पान संपलं, भाग संपला, की माणूस क्षणभर थांबतो आणि पुढे बघायचं का हे ठरवतो. रील्स आणि शॉर्ट्समध्ये तो क्षणच काढून टाकलेला असतो. मोठ्यांनाही तिथे थांबता येत नाही, मग सात वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा कशी करायची? मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून दहा वर्षांखालच्या मुलाला रील्स आणि शॉर्ट्स नकोतच, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी सुरुवात आणि शेवट असलेलं काही दाखवा, गोष्ट, चित्रपट, एखादा भाग.

फोनला घरात एक जागा द्या. रात्री सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, मोठ्यांचेसुद्धा. गजरासाठी साधं घड्याळ आणा. आणि जे काही कुलूप लावाल ते मुलाला सांगून लावा. चोरून नजर ठेवलेली त्याला आज ना उद्या कळते आणि मग लपवाछपवी सुरू होते.

पायरी ४: थांबण्याचा सराव

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

'दोन मिनिटं राहिली हं' असं सांगून मुलाला तयार करावं, हा सल्ला सगळीकडे मिळतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी हेच पाहिलं आणि उलटं आढळलं: दोन मिनिटांच्या इशाऱ्यानंतर मुलं अधिक चिडत होती. बंद करणं सोपं गेलं ते गोष्ट आपोआप संपण्याच्या ठिकाणी, किंवा रोजच्या ठरलेल्या क्रमात ती वेळ येत होती तेव्हा. यंत्र बंद झालं तर मूल यंत्राशी भांडत नाही. आईने बंद केलं तर आईशी भांडतं.

यावरून घरात काय करता येतं ते पाहू. वेळ मिनिटांत ठरवू नका, भागांत ठरवा. 'अर्धा तास' हे सात वर्षांच्या मुलीला दिसत नाही, 'दोन भाग' दिसतात. सुरू करण्याआधी तिच्याकडूनच वदवून घ्या: किती भाग, संपल्यावर फोन कुठे ठेवायचा, त्यानंतर काय करायचं. हे तिसरं फार महत्त्वाचं. फोन बंद झाल्यावर समोर पोकळी असेल तर कुणीही परत फोनकडेच वळेल. पुढची गोष्ट तयार हवी: खाली मैत्रिणी आल्यात, थालीपीठ तव्यावर आहे, मांजरीला दूध घालायचंय.

दुसरा भाग संपत आला की शेजारी जाऊन बसा. स्वयंपाकघरातून ओरडू नका. शेवटचं मिनिटभर तिच्याबरोबर बघा, काहीतरी विचारा: 'हा अस्वल पुन्हा हरवला का?' ती उत्तर देते म्हणजे पडद्यातून अर्धी बाहेर आलेली असते. भाग संपतो, नावं वर सरकू लागतात. आता हात मागे घ्या. बटण तिने दाबायचं. एखादी मुलगी लगेच दाबते. एखादी पडद्याकडे बघत राहते, बोट बटणावर ठेवते, काढते, पुन्हा ठेवते. मध्ये बोलू नका. तिच्या आत जे चाललंय तोच सराव आहे आणि तो आपल्या एका 'चल लवकर'ने वाया जातो. बंद केल्यावर तिने फोन त्याच्या जागेवर ठेवला, की 'शहाणी माझी' म्हणण्यापेक्षा तिने काय केलं ते सांगा: 'पुढचा भाग बघावासा वाटत होता ना? तरी तूच बंद केलास.'

आणि नाहीच केला बंद तर? ओढाताण करू नका. एकदाच, हळू आवाजात: 'तू बंद करतेस की आज मी करू?' उत्तर आलं नाही तर आपण बंद करायचा, रडू द्यायचं, जवळ राहायचं. व्याख्यान नको, धमकी नको. दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा संधी, मागचं काही न उकरता. दुसऱ्या दिवशीच्या रडण्याला पाझर फुटून फोन दिलात तर मात्र पायरी दोनला परत जावं लागेल. अठरा दिवसांची शिक्षा सुनावून चौथ्या दिवशी मागे घेण्यापेक्षा एका दिवसाची शिक्षा पूर्ण पाळलेली बरी.

हा सराव पडद्यावरच करावा लागतो असं नाही, आणि आपल्याकडे त्याची साधनं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 'चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र' आठवतंय? म्हैस म्हटल्यावर बोट जमिनीवरून न उचलणं, म्हणजे हाताला लागलेली लय ऐन वेळी रोखणं. 'शिवाजी म्हणतो'मध्ये तेच, शिवाजी म्हणाला नसेल तर हलायचं नाही. स्टॅच्यूमध्ये तेच. मुलांचा आवर तपासायला आणि वाढवायला जगभरचे बालमानसशास्त्रज्ञ अशाच घडणीचे खेळ वापरतात. रोज दहा मिनिटं पुरे. मूल मोठं असेल तर कॅरम, सापशिडी, पत्ते. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर पट उधळून न देणं, जिंकल्यावर धाकट्याला न चिडवणं, हे सगळं त्यात येतं. लहान मुलाला मुद्दाम कायम जिंकू देऊ नका. हरण्याचा सराव घरातच सुरक्षित असतो.

कंटाळ्याबद्दल थोडकंच. 'कंटाळा आला' म्हटल्यावर मनोरंजनाची सोय करणं हे पालकांचं काम नाही. 'येऊ दे' म्हणा आणि आपल्या कामाला लागा.

पायरी ५: घराला मुलाची गरज लागू द्या

दुसऱ्याची जाण सांगून येत नाही, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं या अनुभवातून येते. जर्मनीत लायपझिगच्या मॅक्स प्लांक संशोधन संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं की दीड वर्षाची मुलंसुद्धा अनोळखी माणसाची पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात. २००८ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या मुलांना अशा मदतीबद्दल बक्षीस दिलं, त्यांची मदत पुढे कमी झाली. न दिलेल्यांची कमी झाली नाही.

म्हणून घरच्या कामाचे पैसे देऊ नका, आणि 'ताटं घेतलीस तर दहा मिनिटं फोन' असा सौदा तर मुळीच नको. फोन हे बक्षीस झालं की काम ही शिक्षा होते.

तीन वर्षांचं मूल दारातल्या चपला जोडीने लावू शकतं. पाच-सहाव्या वर्षी पानं घेणं, पाणी भरून ठेवणं, मटार सोलणं. नवव्या वर्षी सगळ्यांचे डबे धुवायला टाकणं, आजीच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवणं. बाराव्या वर्षी कुकर लावणं, कपड्यांच्या घड्या, वाण्याकडून सामान. एक काम कायम त्याच्या नावावर असू दे आणि ते झालं नाही तर अडू द्या. पाणी घेतलं नाही तर सगळे पाण्यावाचून पानावर बसतील आणि मग त्याला उठावं लागेल. गुपचूप आपण घेऊन टाकलं तर ते काम त्याचं राहिलं नाही.

हे मुलग्यांना जास्त लागू आहे. आपल्या कितीतरी घरांत मुलीला न सांगता ताटं उचलायची सवय लागते आणि मुलगा जेवून हात धुऊन फोन घेऊन बसतो. मग बाविसाव्या वर्षी 'त्याला कुणाचं काही दिसतच नाही' म्हणून आपण हळहळतो. त्याला ते दिसावं लागेल अशी वेळ आपण येऊच दिली नव्हती.

पायरी ६: पडद्यापलीकडच्या माणसाशी वागणं

समोर माणूस असला की त्याचा पडलेला चेहरा आपल्याला थांबवतो. मेसेजमध्ये तो चेहरा नसतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१४ मधल्या अभ्यासात सहावीतली काही मुलं पाच दिवस पडद्याशिवाय शिबिरात राहिली. चेहरे आणि हावभाव पाहून भावना ओळखण्यात ती शाळेतच राहिलेल्या मुलांपेक्षा अधिक सुधारली. चेहरा वाचणं हेही सरावाचंच काम आहे आणि तो सराव माणसांतच होतो.

आता एक प्रसंग बारकाईने बघू, कारण असं शाळोशाळी घडतं. पाचवी-सहावीतल्या मुलाने वर्गमित्राचा जांभई देतानाचा फोटो काढला, त्याचा व्हॉट्सअॅप स्टिकर केला आणि मुलांच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. ज्याचा फोटो, त्यानेही हसण्याची इमोजी टाकली. दोन दिवसांनी तो शाळेत यायला नको म्हणू लागला.

आपलं मूल स्टिकर करणारं असेल तर काय करायचं? फोन जप्त करून ओरडणं सोपं आहे, पण त्यातून ते एवढंच शिकेल की आईला कळू द्यायचं नाही. शेजारी बसवून विचारा: 'त्याने हा स्टिकर पाहिला तेव्हा तो कुठे असेल? बाजूला कोण असेल? हसण्याची इमोजी त्याने का टाकली असेल?' शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. न हसून चालणार नव्हतं, हे मुलाला स्वतःला सुचू द्या, कारण त्याच जागी कधीतरी तेही असतं. मग दुरुस्ती. 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायचं, पण ज्यांनी तो स्टिकर साठवला त्यांच्या फोनमधून तो जाणार नाही, हेही दाखवून द्यायचं. ग्रुपवर लिहायचं की मी चुकलो, कुणी वापरू नका. आणि त्या मित्राकडे प्रत्यक्ष जायचं. आपण सोबत जिन्यापर्यंत जावं, बोलायचं मुलाने.

पुढच्यासाठी एकच सवय लावा. कुणाबद्दल काहीही पाठवण्याआधी, 'हे मी त्याच्या आईसमोर मोठ्याने वाचू शकेन का?' नसेल तर थांबायचं. रागात लिहिलेला मेसेज जेवण झाल्यावर पाठवायचा. बहुतेक वेळा तो पाठवला जात नाही.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. मुलाचे आंघोळीचे, रडतानाचे, नापास झाल्याचे फोटो आणि किस्से आपण कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो तेव्हा त्याला विचारतो का? चार वर्षांपासून विचारायला सुरुवात करा: 'हा फोटो आत्याला पाठवू?' नाही म्हटलं तर पाठवू नका. आपली परवानगी मागितली जाते हे ज्याने अनुभवलंय, त्याला दुसऱ्याची मागायला वेगळं शिकवावं लागत नाही. भारताच्या २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती ठेवली आहे. ती संमती आपण कशी वापरतो ते मूल बघत असतं.

पायरी ७: शेजाऱ्यांना सोबत घ्या

एकाच घरात नियम असेल तर मूल एकटं पडतं. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हे गावपातळीवर सोडवलं. करोनाच्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातातले फोन सुटेनात, तेव्हा गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद होतील, आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत बंद राहतील. तो वेळ अभ्यासाचा, वाचनाचा आणि एकमेकांशी बोलण्याचा. नियम मोठ्यांनाही होता, म्हणूनच त्याची दखल दूरवर घेतली गेली.

शहरातल्या सोसायटीत भोंगा वाजणार नाही, पण तीन-चार घरं एकत्र येऊ शकतात. दिवेलागणीची वेळ त्याला योग्य आहे, ती आपल्याकडे पूर्वीपासून शुभंकरोतीची आणि पाढ्यांची वेळ होतीच. मुलं ज्यांच्याकडे खेळायला जातात त्या पालकांशी आधी बोला: खेळायला आल्यावर फोन टोपलीत, घरी जाताना परत. वाढदिवसाच्या पार्टीलाही हाच नियम चालतो. पहिल्यांदा विचारताना संकोच वाटतो. बहुतेक वेळा समोरची आई म्हणते, बरं झालं तुम्हीच विषय काढलात.

पायरी ८: किल्ल्या हळूहळू हातात द्या

व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींच्या नियमांत किमान वय तेरा आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली. आपल्याकडे आठवी-नववीत क्लासच्या निमित्ताने फोन येतोच. येईल तेव्हा तो मुलीच्या मालकीचा न करता घराचा म्हणून, तिच्या वापरासाठी द्या आणि अटी दोघांनी मिळून कागदावर लिहा: रात्री कुठे ठेवायचा, कोणती अॅप, अनोळखी माणसाने मेसेज केला तर काय, नियम मोडला तर काय. शेवटच्या ओळीत पुढच्या बैठकीची तारीख. त्या दिवशी नियम पाळले गेले असतील तर एक कुलूप काढायचं. नाही पाळले तर तसंच ठेवायचं आणि पुन्हा तारीख टाकायची. मुलीने 'हा नियम मला अन्यायाचा वाटतो' असं कारणासह मांडलं तर ऐका. पटलं तर बदला. संयम म्हणजे मान खाली घालून ऐकणं नव्हे, आणि ठामपणे पण नीट बोलता येणं हा समंजसपणाचाच भाग आहे.

पैशांचे खेळ हा विषय वेगळा काढून बोला, विशेषतः मुलग्यांशी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आहे. तरी चोरट्या लिंका फिरत राहतात, आणि साध्या खेळांतही शस्त्रं, पोशाख विकत घ्यायला पैसे मागितले जातात.

यापुढे जाऊन एक आश्वासन आजच देऊन ठेवा, काही घडण्याआधी: 'ऑनलाइन काहीही झालं, चूक तुझी असली तरी, मला सांगितल्याबद्दल फोन काढून घेणार नाही.' घाणेरडे फोटो मागणारे, धमकावून पैसे उकळणारे लोक मुलाच्या याच भीतीवर जगतात.

घरच्या प्रयत्नांनी भागत नाही अशीही वेळ येते. झोप, शाळा, मित्र आणि जेवण हे सगळं आठवड्यांमागून आठवडे मागे पडत असेल, फोन नसताना मूल अंगावर धावून जात असेल किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि तो पालकांसाठीही आहे. मूल संकटात असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३०, तेही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. हे तिन्ही क्रमांक फ्रिजवरच्या त्या कागदावर लिहा आणि कोणता कशासाठी ते मुलाला समजावून सांगा.